फुटलेली रेघ

अंगणातल्या कोब्यावर खडूच्या चार फुल्या होत्या. झाडू हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा सात वाजून तीन-चार मिनिटं झाली होती, म्हणजे तिचा रोजचा मौनाचा तास नुकताच सुरू झाला होता. पहिल्यांदा तिला वाटलं की शेजारच्या मुलींनी खेळायला घरं आखली असतील. मग ती जवळ गेली. प्रत्येक फुलीभोवती एक वर्तुळ होतं आणि वर्तुळाला एक छोटंसं शेपूट होतं. चारही शेपटं एकाच दिशेला वळलेली होती, पाण्याची टाकी आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये जी हातभर फट होती तिकडे. त्या फटीतून वारा येतो हे तिला माहीत होतं, कारण वाळत घातलेले कपडे रोज तिकडून इकडेच उडत. फुलीला शेपूट काढणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो पुन्हा कधी दिसू नये म्हणून तिनं चोवीस वर्षं वेगळ्या रस्त्यानं जाऊन भाजी आणली होती.

“झाडू नकोस तिथं,” नवरा म्हणाला. तो आपल्या राखाडी गाडीजवळ हातात फडकं घेऊन उभा होता, लेकराचं नाक पुसावं तसा तिचा आरसा पुसत होता. “काल संध्याकाळी मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला, तू बाहेर गेली होतीस तेव्हा. साडेसातला परत येतोय. मुद्दाम या वेळेला बोलावलाय. म्हटलं, सात ते आठ आमच्या घरी स्वर्ग असतो, काय ठरवायचं ते तेवढ्यात ठरवून टाकू.” आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. हा विनोद तो पाहुण्यांपुढे करायचा, दूधवाल्यापुढे करायचा, फोनवर बहिणीपुढे करायचा. तिची नणंदही काही कमी नव्हती. ती बरोबर सव्वासातला फोन करायची आणि म्हणायची, “वहिनीचा तास चालू आहे ना? मग सावकाश बोलते.” बोलायची ती बहुतेक वहिनीबद्दलच. आणि वहिनी शेजारी बसून ऐकायची. एक तास मौन म्हणजे एक तास मार खाणं, हे त्या दोघा भावंडांनी कधीच ओळखलं होतं. पण मार खाण्यासाठीच तो तास ठेवलेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवाला तिनं तो तास दिला होता. देवानं मागितला नव्हता.

गाडी नवऱ्यानं निवृत्त झाल्यावर घेतली, आयुष्यातली पहिली. गेल्या महिन्यात वादळ झालं त्यात समोरच्या घराचं प्लॅस्टिकचं छप्पर सुटलं, रस्ता ओलांडून आलं आणि गाडीच्या नाकावर आपटलं. तळहाताएवढा खळगा पडला. त्या खळग्यानं नवरा जेवायचा बंद झाला. आईच्या आजारपणात तो दोन्ही वेळ नीट जेवला होता. मग त्यानं ठरवलं की गाडीसाठी शेड बांधायची, लोखंडी, अशी की जगबुडी झाली तरी हलणार नाही. तीन आठवडे तो पाईपांबद्दलच बोलत होता. गोल पाईप, चौकोनी पाईप, काळा पाईप, जस्ताचा मुलामा दिलेला पाईप. एक दिवस त्यानं तिच्यासमोर कागद धरला. “बघ, दुकानदार बारा गेजचा पाईप गळ्यात मारत होता. मी म्हटलं, मला काय खुळा समजलास? आज जाऊन सोळाचाच मागतो, बरोबर ना?” तिला हसू आलं होतं. गेजचा आकडा चढतो तसा पत्रा पातळ होत जातो. सोळाचा पाईप म्हणजे बाराच्या मानानं कागद. ही गोष्ट ती झोपेतही सांगू शकली असती. नऊ वर्षं ती एका आराखड्यांच्या ऑफिसात लोखंडी छपरांचे नकाशे काढत होती. नवऱ्याला हे माहीत होतं, पण लग्नाआधी एखादी बाई गाणं शिकलेली असावी तसं माहीत होतं. त्यानं विचारलं तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती, म्हणून ती गप्प राहिली. आठ वाजले, सव्वाआठ वाजले, तिनं त्याला चहा दिला, आणि तरीही गप्प राहिली. तो दुकानात गेला आणि चार माणसांदेखत त्याचं हसं झालं. तो घरी आला तेव्हा त्याचे कान लाल होते. तिला त्या कानांकडे बघून बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाज रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटली होती. मौन हे हत्यार आहे हे तिला पूर्वीपासून माहीत होतं. ते कुणावर किती खोल जातं तेही.

मग त्यानं कुठून तरी हा मिस्त्री शोधला. मिस्त्री आठ दिवसांपूर्वी आला तेव्हाही ती घरी नव्हती. त्यानं म्हणे काही मापबिप घेतलं नाही. फाटकाला एक काठी बांधली, काठीला तांबड्या कापडाची एक चिंधी बांधली आणि म्हणाला, “आठ दिवस हिला हात लावू नका. मला आधी हिच्याशी बोलायचंय.” नवऱ्याला हे फार आवडलं. ती रोज येता-जाता ती चिंधी बघत होती आणि बघत नव्हती. मनातलं एक दार ती पाठीनं दाबून धरून उभी होती, आणि पलीकडून कुणी ढकलतही नव्हतं. नुसतं कुणीतरी उभं होतं.

एकटाक्या. ऑफिसात त्याला सगळे याच नावानं हाक मारायचे, कारण तो वेल्डिंगचा टाका एकदाच मारायचा आणि तो परत कधी मारावा लागायचा नाही. तिला म्हणायचे ड्रॉइंगबाई. पोटमाळ्यावर उतरत्या टेबलांची एक रांग होती आणि खिडकीजवळचं शेवटचं टेबल तिचं होतं. अर्धपारदर्शक कागदावर शाईनं रेघ ओढायची, रेघ सुरू झाली की श्वास सोडायचा नाही, संपली की सोडायचा. तिची रेघ कधी फुटत नसे. नवीन आलेल्यांना मोठे साहेब तिचे कागद दाखवायचे आणि म्हणायचे, “हे बघा. ही रेघ आहे. तुम्ही काढता त्याला ओघळ म्हणतात.” एकटाक्या काम घ्यायला माळ्यावर यायचा तेव्हा चपला जिन्यातच काढायचा. नकाशाची छापील प्रत हातात घेऊन तो खिडकीपाशी जायचा आणि नेहमी पहिला एकच प्रश्न विचारायचा, “वारा कुठनं?” सगळे हसायचे. वारा काय नकाशात दाखवतात का? ती हसत नसे. तो म्हणायचा, “बाई, छप्पर वजनानं पडत नाही. वजन ते बिचारं गुमान पेलतं. वारा खालनं शिरतो आणि त्याला वर ओढतो, आणि मग बाजूनं ढकलतो. घराला भिंती तरी असतात. उघड्या छपराला कोण धरणार? तिरपे धरणार.” खांब आणि वरची तुळई यांच्या कोपऱ्यात कर्णासारखा जो लोखंडी अँगल बसवतात, त्याला तो तिरपा म्हणायचा. नकाशात त्या एवढ्याशा तिरक्या रेघेवर तो बोट ठेवून बघायचा, नाडी बघावी तसा.

एका गोदामापुढच्या उघड्या छपराच्या नकाशात असे आठ तिरपे होते. नकाशा पुरा झाला, तारीख पडली, सही झाली, आणि दोन दिवसांनी साहेब तिच्या टेबलापाशी आले. म्हणाले, मालकाचं म्हणणं आहे की ट्रक वळताना तिरपे आड येतात, काढून टाका. ती म्हणाली, “साहेब, मग खांब एका अंगाला झुकतील.” एवढं ती म्हणाली होती. हे एक वाक्य तिनं पुढं चोवीस वर्षं गळ्यातल्या माळेसारखं जपलं होतं, की मी म्हणाले होते. साहेब म्हणाले, “अहो, चारी बाजूंनी उघडं आहे. वारा जाईल निघून.” आणि तिनं ब्लेड घेतलं. शाईची रेघ ब्लेडच्या कोपऱ्यानं अलगद खरवडायची असते, कागद फाटू द्यायचा नाही. आठ रेघा खरवडल्या. काळी भुकटी फुंकून टाकली. तारीख तीच राहिली. मग प्रत छापली गेली आणि एकटाक्या ती न्यायला आला. तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला. मग तिच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, “बाई, इथं तिरपे असायचे ना?” आणि ती, जिच्या आवाजाच्या मऊपणाचं ऑफिसात कौतुक होतं, त्याच मऊ आवाजात म्हणाली, “नकाशात नाही म्हणजे नाही.” हे दुसरं वाक्य तिनं माळेत ओवलं नव्हतं. ते तिच्या घशात होतं, माशाच्या काट्यासारखं, आणि रोज सात ते आठ ती ते गिळायचा प्रयत्न करायची.

छप्पर सात महिन्यांनी पडलं, दुपारी, वादळ काही फार मोठंही नव्हतं. दरवान त्याच्या खाली डबा उघडून बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतः तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला, असं नऊ वर्षांत कधी झालं नव्हतं, आणि मूळ कागद तिच्यासमोर पसरला. “विशेष काही नाही. होते तसे परत करा.” बस, एवढंच. त्यांनी धमकी दिली नाही, विनवणी केली नाही. ती उठून गेली असती तर कदाचित त्यांनी अडवलंही नसतं. तिनं शाई भरली. पण खरवडलेल्या जागी कागदाची कातडी निघालेली असते, तिथं शाई उभी राहत नाही. पहिलीच रेघ फुटली. दोन्ही बाजूंना बारीक केस फुटल्यासारखी पसरली. तिनं टिपकागद दाबून धरला, श्वास कोंडला, तरी आठही फुटल्या. ऑफिसची पद्धत अशी की काम पुरं झालं की मिस्त्रीनं प्रत परत द्यायची, म्हणजे त्याच नकाशावर दुसरीकडे कुणी काम करू नये. किती मिस्त्री प्रती दाबून ठेवायचे. एकटाक्यानं सांगितल्याप्रमाणे दिली होती, घडी न मोडता. म्हणून चौकशीच्या टेबलावर एकच कागद होता, आणि त्या कागदात आठ तिरपे होते. तिला दोन प्रश्न विचारले. हा नकाशा तुम्ही काढलात? हो. यात तिरपे आहेत? हो. दोन्ही उत्तरं खरी होती. मग एकटाक्याला म्हणाले, बघ, आणि सांग, तू हे का बसवले नाहीस. तो वाकला. त्याचं बोट रेघेवर थांबलं, पहिल्या, मग दुसऱ्या. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला आलेला एक चुन्याचा डाग बघत होती. तो डाग तिला अजूनही आखून दाखवता आला असता. एकटाक्या दीड वर्ष आत होता. तिनं नोकरी सोडली, सासूबाईंच्या दुखण्याचं कारण सांगितलं. सासूबाई तेव्हा ठणठणीत होत्या, पुढच्या वर्षी खरोखरच अंथरुणाला खिळल्या, आणि तिला वाटलं की तेही आपणच केलं.

फाटक वाजलं. साडेसात. ती झाडू टेकवून पायरीवर बसली होती. तो आत आला. केस पार पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, पण चपला त्यानं फाटकाशीच काढल्या. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. अजिबात न बघणं हेही एक बघणंच असतं. काठीवरची चिंधी सोडून त्यानं बोटांत धरली, कुठल्या अंगानं विरलीय ते पाहिलं.

“काय म्हणते तुमची चिंधी?” नवऱ्यानं विचारलं.

“म्हणते, या साहेबांनी सोळा गेजचा पाईप मागितला होता.”

नवऱ्याचे कान पुन्हा लाल झाले. “ते सोडा हो. मला सांगा, गोल पाईप घेतला तर? दिसायला नाजूक असतो.”

“गाडीला दागिना घालायचाय का छप्पर? चौकोनी घ्या. बारा गेज, चार इंची, जस्ताचा. काळा घेतला तर आतनं गंजतो, आणि बाहेरचा रंग ताजाच दिसतो. लोकांना कळत नाही कधी पोकळ झाला ते.” हे बोलताना तो फुलीभोवती पाऊल टाकत हिंडत होता. “खांब नुसता कोब्यावर बोल्टानं टेकवणारे खूप भेटतील. उपटून जातो. मी इथं कोबा फोडणार, कमरेएवढा खड्डा, काँक्रीट, त्यात चार-चार बोल्ट आणि वर जाड पट्टी. छप्पर उडायला बघतं साहेब, त्याला खाली वजन बांधावं लागतं. पत्र्याचे स्क्रू वरच्या घडीवर, दर घडीला एक. आणि तिरपे. दोन्ही दिशांनी, आठ.”

आठ. तो आकडा त्यानं मोठ्यानं म्हटला नाही, उलट आवाज खाली घेतला.

आत फोन वाजला. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. “बहीण माझी. आज उशीर केला तिनं. आलोच मी. तुम्ही हिच्याशी गप्पा मारा तोवर,” आणि हसत आत गेला.

एकटाक्या गाडीला टेकला नाही, पायरीवर बसला नाही. फुलीच्या मध्यावर उभा राहिला आणि चिंधी बोटाला गुंडाळत म्हणाला, “बोलू नका, बाई. साहेबांनी सांगितलंय मला, या वेळेला तुम्ही बोलत नाही. ते ऐकलं तेव्हाच मी हे काम घेतलं. घर बघून नव्हतं घेतलं. पहिल्या दिवशी तुमचा फोटो भिंतीवर दिसला, तेव्हा निघालोच होतो. मग साहेब म्हणाले, बायको रोज तासभर तोंड उघडत नाही, फार सात्त्विक आहे. म्हटलं, अरे वा. एकच तास?”

ती त्याच्या पायांकडे बघत होती. अंगठ्याच्या नखावर जुना काळा डाग होता.

“तुम्हाला वाटत असेल, याला कळलं नाही. कसं कळणार, हा लोखंड जोडणारा, चार इयत्ता शिकलेला. बाई, मी तुमच्या रेघा अकरा वर्षं वाचल्या.” ती दचकली. “हो, तुम्ही नऊ वर्षं काढल्या, पण मी सुटून आल्यावरही दोन वर्षं कुणाकुणाकडे जुने नकाशे मिळाले की मी बघत बसायचो. तुमची रेघ कधी फुटत नाही. त्या कागदावरच्या आठच्या आठ फुटल्या होत्या. मी त्या टेबलावर तेच बघत होतो. तिथल्या मोठ्या माणसांना काय सांगणार, साहेब, ही रेघ फुटलीय म्हणून? मला हसले असते. ते सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि ते डाग बघत होतं.”

त्यालाही तो डाग आठवत होता. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. चोवीस वर्षं तो डाग ती आपल्या एकटीचा समजत होती.

“मला वाटलं होतं तुम्ही वाईट असाल तर सोपं जाईल,” तो म्हणाला. “तुम्ही निघालात सात्त्विक.” हा शब्द त्यानं थुंकला नाही, चावून गिळला. “दीड वर्षात माझी बायको माहेरी गेली ती गेलीच. मी ग्रिलं केली, फाटकं केली, कपाटाच्या कड्या केल्या. छप्पर कुणी दिलं नाही. हे पहिलं. आता ऐका. नकाशाशिवाय मी काम करत नाही. नकाशा तुम्ही काढायचा. सही करायची, आणि तारीख खरी घालायची. आजची.”

नवरा बाहेर आला. “काय, रंगल्या का गप्पा? बरं, मिस्त्री, बहिणीशी बोलताना माझ्या डोक्यात आलं. या बाजूचा तिरपा नको. गाडीचं दार उघडायला अडेल. मी खुर्ची टाकून पेपर वाचत बसणार इथं, डोक्याला लागेल रोज. तो काढून टाका. बाकीचे सात पुरेत की.”

“नकाशात असेल तसं मी करणार, साहेब. नकाशा बाई काढतील.”

“ही?” नवरा मनापासून हसला. “अहो, हिची किराणाची यादीसुद्धा वाकडी असते.”

ती उठली. आतल्या खोलीत कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागं, तिची पेटी होती. तिनं ती उघडली. हात याचीच वाट बघत असल्यासारखे पट्टीवर गेले. शाई वाळून खडा झाली होती. पिवळट कागदाची गुंडाळी मात्र शाबूत होती. गुंडाळी, पट्टी आणि नवऱ्याच्या खिशातलं बॉलपेन घेऊन ती पायरीवर बसली, मांडीवर फळी ठेवली. पेटीही बरोबर आली होती, उघडीच. नवरा डोकावून बघायला लागला, आणि हळूहळू हसायचा थांबला. चार खांब उभे राहिले. तुळया आल्या, पट्ट्या आल्या, बोल्टांच्या जागा आल्या. वारा कुठून ते दाखवायला तिनं कोपऱ्यात एक बाण काढला, शेपटासारखा. मग तिरपे. श्वास धरायचा, सोडायचा. एक, दोन, तीन. बॉलपेन मऊ चालत नव्हतं, तरी रेघ स्वच्छ होती. सात. आठ.

“अगं, हा नको म्हटलं ना आत्ता,” नवरा म्हणाला. “हा इथला.” पेटीत हात घालून त्यानं ब्लेड उचललं. गंजाचे ठिपके पडलेलं, तेच. काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. नुसतं खोडायचं काहीतरी दिसतंय म्हणून त्यानं ते तिच्यापुढं धरलं. “हे घे. खरवड तेवढा. काय फरक पडतोय?”

तिनं ब्लेडकडे पाहिलं. नवरा काही साहेब नव्हता. चहाही आणला नव्हता त्यानं. त्याला फक्त दार उघडायला हवं होतं आणि पेपर वाचायला जागा हवी होती. तिला एकदम वाटलं की सगळ्या छपरांचे तिरपे असेच गेले असणार, कुणाच्या तरी खुर्चीपायी. आणि ज्याच्या हातात ब्लेड दिलं त्यानं दरवेळी गप्प बसून देवाला एक-एक तास दिला असणार. देवाकडे किती तास साचले असतील. काय करत असेल तो त्यांचं.

“नाही,” ती म्हणाली.

आवाज चिरका आला. नवऱ्याच्या हातातलं ब्लेड तसंच राहिलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“गोदामापुढच्या छपराच्या नकाशात तिरपे होते. मी ते ब्लेडनं खोडले. हे मिस्त्री विचारायला आले तेव्हा नकाशात नाही म्हणजे नाही, असं मी म्हणाले. छप्पर पडलं, दरवान मेला, आणि दुसऱ्या दिवशी मी ते परत काढले. तारीख जुनीच ठेवली. यांना शिक्षा झाली. मी तिथं बसले होते. सासूबाईंचं काहीही नव्हतं. मी याच्यासाठी नोकरी सोडली.”

बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं तिनं कितीतरी वर्षं मानलं होतं. तसं काही झालं नाही. अंगणात उन्हाचा एक पट्टा आला होता आणि त्यात गाडीच्या नाकावरचा खळगा नको इतका स्पष्ट दिसत होता.

“लिहा,” एकटाक्या म्हणाला. “हवेत बोललेलं मी काय करू?”

तिनं त्याच कागदावर, नकाशाखाली, बोलली होती ते जसंच्या तसं लिहिलं. त्यानं अडवलं नाही, शब्द सुचवला नाही. खाली सही केली. आजची तारीख घातली. तो वाकला, आणि अक्षरांवरून नाही, आठव्या तिरप्याच्या रेघेवरून त्यानं बोट फिरवलं. मग कागदाची गुंडाळी करून तिला ती तांबडी चिंधी बांधली.

“दरवानाची मुलगी आता मोठी झालीय,” तो म्हणाला. “तिच्याकडे नेणार मी हे. पुढं कुठं न्यायचं ते ती ठरवेल. तुम्हाला पोलीस बोलावतील, नाही बोलावणार, मला माहीत नाही. नकाशाचा हा वरचा भाग माझ्या डोक्यात आहे, त्याला कागद लागत नाही.” चपला घालायला तो फाटकाशी गेला आणि तिथूनच, मागं न वळता म्हणाला, “शेड बांधून देईन. पडणार नाही. पडावी असं मला या आठ दिवसांत खूपदा वाटलं, बाई. पण मला तसं बांधता येत नाही.”

फाटक लागलं. नवरा अजून ब्लेड धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, भीती होती, आणि त्या दोन्हींच्या खाली, अपमान झालेल्या माणसाचं काहीतरी होतं. चोवीस वर्षं एका घरात राहून त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. शेवटी नेहमीचं हाताशी होतं तेच त्यानं उचललं.

“आठ वाजायला अजून दहा मिनिटं आहेत,” तो म्हणाला. “तुझा तास संपला नाही.”

तिनं त्याच्या हातातून ब्लेड काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि पेटी बंद केली.

“संपला,” ती म्हणाली. “बसा. अजून खूप सांगायचंय.”